सर्व्हर स्थलांतरानंतर ई-मेल पोचवण्याच्या सेटिंगमध्ये झालेल्या चुकांबाबत तक्रार

दिनांक : 24 सप्टेंबर 2025

प्रति,
ग्राहक तक्रार निवारण अधिकारी,
वेब होस्टिंग विभाग

विषय : स्थलांतरात आमच्या डोमेनचे ई-मेल राउटिंग व डीएनएस नोंदी बदलल्यामुळे हरवलेल्या चौकशा आणि तक्रार न सोडवताच बंद केलेले तिकीट

महोदय / महोदया,

कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीत आमचा लहानसा कारखाना असून गुऱ्हाळघरांतील चरकांचे रोलर, गिअर आणि इतर सुटे भाग आम्ही बनवतो. 2016 पासून आमची वेबसाइट आपल्या सामाईक सर्व्हरवर आहे. 2021 मध्ये आम्ही मेलबॉक्स दुसऱ्या सेवेकडे नेले. मात्र वेबसाइट आणि डोमेनच्या डीएनएस नोंदी (डोमेनची वेबसाइट व टपाल कोणत्या सर्व्हरवर आहे हे सांगणाऱ्या नोंदी) आपल्याकडेच ठेवल्या. ही व्यवस्था आपल्याच तंत्रज्ञाने त्या वेळी नीट लावून दिली होती आणि ती चार वर्षे बिनतक्रार चालली, याची नोंद मी कृतज्ञतेने करतो. गुऱ्हाळे दसरा-दिवाळीच्या सुमारास सुरू होतात, त्यामुळे चरकाची दुरुस्ती ऑगस्ट-सप्टेंबरमध्येच निघते आणि आमच्या वर्षभराच्या कामाचा मोठा भाग याच दोन महिन्यांतल्या चौकशांवर ठरतो.

दि. 17 ऑगस्ट रोजी आपण आमची वेबसाइट नव्या सर्व्हरवर हलवली. त्याआधी आलेल्या सूचनेत ग्राहकाला कोणताही बदल करावा लागणार नाही, असे स्पष्ट लिहिले होते. त्यावर विश्वास ठेवून मी वेबसाइट उघडते की नाही एवढेच पाहिले. दि. 8 सप्टेंबरला कराडजवळच्या एका गुऱ्हाळमालकांचा फोन आला. वेबसाइटवरच्या फॉर्ममधून त्यांनी तीन वेळा रोलरची मापे पाठवली होती आणि तिन्ही वेळा संदेश मिळाल्याची पोच त्यांना पडद्यावर दिसली होती. आमच्या मेलबॉक्समध्ये त्यातला एकही संदेश आलेला नव्हता.

दोष कुठे होता हे मला आठवडाभराने कळले, आणि ते आपल्या मदत विभागाकडून नव्हे, तर मी स्वतः कंट्रोल पॅनेल व डिलिव्हरी लॉग तपासल्यामुळे. सर्व्हरवर डोमेनच्या दोन याद्या असतात : ज्यांचे टपाल त्याच सर्व्हरवर ठेवायचे ती डोमेन एका यादीत आणि ज्यांचे टपाल एमएक्स नोंद (डोमेनचे टपाल कोणत्या सर्व्हरकडे द्यायचे हे सांगणारी डीएनएस नोंद) पाहून बाहेर पाठवायचे ती दुसऱ्या यादीत. आमचे डोमेन 2021 पासून दुसऱ्या यादीत होते. स्थलांतरात ते पहिल्या यादीत गेले, म्हणजे ई-मेल राउटिंगची निवड 'दूरस्थ' वरून 'स्थानिक' झाली. त्यानंतर वेबसाइटच्या फॉर्मने पाठवलेला प्रत्येक संदेश सर्व्हरने एमएक्स नोंदीकडे न पाहता स्वतःपाशीच ठेवून घेतला. त्या सर्व्हरवर आमचा 2021 पूर्वीचा, कोणीही न उघडणारा मेलबॉक्स अजून शिल्लक होता. तो नसता तर असा पत्ताच नाही म्हणून 550 क्रमांकाचा नकार आला असता आणि त्याच दिवशी चूक उघडी पडली असती. मेलबॉक्स होता म्हणून लॉगमध्ये प्रत्येक ओळीपुढे 'यशस्वी' असा शेरा पडत राहिला. पुढच्या सर्व्हरच्या नावाच्या जागी आमच्या मेल सेवेऐवजी आपल्याच सर्व्हरचे नाव आहे, हे लक्षात आले तेव्हा कुठे उलगडा झाला.

या बिघाडाचा त्रासदायक भाग असा, की नेहमीच्या चाचणीत तो सापडत नाही. माझ्या जीमेलवरून मी आमच्या पत्त्यावर पत्र पाठवले, तर ते मिनिटभरात पोचले. कारण बाहेरचा सर्व्हर एमएक्स नोंद पाहतो आणि ती बरोबरच होती. अडत होती फक्त आपल्या सर्व्हरवरून निघालेली पत्रे. आमच्या वेबसाइटच्या फॉर्मचे संदेश तर गेलेच, शिवाय बेअरिंग पुरवणाऱ्या एका व्यापाऱ्याची बिलेही त्याच जुन्या मेलबॉक्समध्ये सापडली, कारण त्यांची वेबसाइट व मेल दोन्ही योगायोगाने त्याच सर्व्हरवर आहेत. गणेशोत्सव असल्यामुळे चौकशा कमी येत असाव्यात, अशी मीही स्वतःची समजूत घातली होती.

आमचा कारखाना पूर्वी उद्यमनगरात होता. तिथून शिरोलीला आल्यावर एखाद्याने आमची पत्रे जुन्या, कुलूपबंद गाळ्याच्या फटीतून आत टाकून पोच झाल्याची सही आणून दिली असती, तर ती पोच आम्ही मान्य केली नसती. ई-मेलच्या देवाणघेवाणीचे नियम ठरवणारा आरएफसी 5321 हा दस्तऐवज ऑक्टोबर 2008 चा आहे. सर्व्हरने 250 या क्रमांकाचे उत्तर देऊन पत्र स्वीकारले की ते पोचवण्याची, आणि पोचवता आले नाही तर पाठवणाऱ्याला तसे कळवण्याची जबाबदारी त्या सर्व्हरवर येते, हे तत्त्व त्यात मांडलेले आहे. आपल्या सर्व्हरने आमची पत्रे स्वीकारली, भलत्या ठिकाणी ठेवली आणि कोणालाही कळवले नाही. पत्र परत आले असते, तर पाठवणाऱ्याने निदान फोन उचलला असता.

आता मदत विभागाविषयी. दि. 9 सप्टेंबर रोजी मी तिकीट नोंदवले आणि फॉर्मचे संदेश आत येत नाहीत, असे स्वच्छ शब्दांत लिहिले. दुसऱ्या दिवशी उत्तर आले की डोमेनला एसपीएफ नोंद (डोमेनच्या नावाने पत्रे पाठवण्याची मुभा कोणत्या सर्व्हरना आहे हे सांगणारी डीएनएस नोंद) जोडा. सोबत नोंदीचा तयार मजकूरही दिला होता. आमची एसपीएफ नोंद आधीपासून अस्तित्वात होती आणि तिच्यात आमच्या मेल सेवेचा समावेश होता. उत्तर देणाऱ्याने ती पाहण्याचे कष्ट घेतले नाहीत, आणि सांगितलेली नोंद मी वेगळी म्हणून जोडली. एका डोमेनला एसपीएफची एकच नोंद असावी लागते. दोन आढळल्या तर तपासणारा सर्व्हर त्यातली कोणती खरी हे ठरवत बसत नाही, तपासणी कायमस्वरूपी त्रुटीवर थांबते. एप्रिल 2014 च्या आरएफसी 7208 मध्ये हे नमूद आहे. नवी नोंद न करता जुन्याच नोंदीत आपल्या सर्व्हरचा उल्लेख घालायला सांगितले असते, तर पुढचा अनर्थ टळला असता.

दि. 12 सप्टेंबरपासून आमची बाहेर जाणारी कोटेशनेही जीमेलकडून 550 5.7.26 (प्रेषकाची ओळख पटली नाही) या शेऱ्यासह परत येऊ लागली. फेब्रुवारी 2024 पासून जीमेल प्रत्येक प्रेषकाकडून एसपीएफ किंवा डीकिम (पत्रावरची डिजिटल सही) यांपैकी किमान एका मार्गाने ओळख पटवून घेते. आमच्याकडे डीकिम होती, त्यामुळे एसपीएफ बिघडूनही पत्रे जायला हवी होती. ती का गेली नाहीत हे शोधताना स्थलांतरातली दुसरी चूक सापडली. ही सही पडताळण्यासाठी डीएनएसमध्ये ठेवलेली आमची डीकिम किल्ली 2048 बिटांची असून तिची नोंद चारशे अक्षरांच्या आसपास जाते. डीएनएसच्या टीएक्सटी (मजकुराच्या) नोंदीत एका तुकड्यात 255 अक्षरेच बसतात, म्हणून अशी किल्ली दोन तुकड्यांत लिहावी लागते व ती जुन्या सर्व्हरवर तशीच होती. नव्या ठिकाणी नोंद 255 व्या अक्षराला तुटली आहे आणि दुसरा तुकडा नाहीच. अर्धी किल्ली असली काय आणि नसली काय, सही पडताळता येत नाही. एसपीएफ शाबूत होती तोवर हे झाकलेले राहिले. आपल्या सल्ल्याने तीही मोडली आणि दोन्ही आधार एकदमच गेले. मी किल्ली पुन्हा भरू पाहिली, तर आपल्या नव्या पॅनेलमधला रकाना 255 अक्षरांपुढचा मजकूर कोणतीही सूचना न देता कापून टाकतो.

दि. 13 सप्टेंबरला माझे तिकीट 'समाधान झाले' असा शेरा मारून बंद केले गेले. मला कोणी फोन केला नाही, फॉर्म चालतो का हेही कोणी पाहिले नाही. दि. 15 रोजी राउटिंग मी स्वतः 'दूरस्थ' केले, दोन एसपीएफ नोंदींची एक केली आणि फॉर्मचे संदेश येऊ लागले. डीकिम मात्र आजही तुटलेलीच आहे.

जुन्या मेलबॉक्समध्ये एकूण 63 संदेश सापडले. त्यांतल्या 38 खऱ्या चौकशा होत्या. मी प्रत्येकाला फोन केला. अकरा जणांनी तोवर दुसरीकडे ऑर्डर दिली होती. कराडचे ते गुऱ्हाळमालक त्यांच्या वडिलांपासून आमच्याकडे येतात. आम्ही उत्तर देत नाही याचा अर्थ त्यांनी आम्ही धंदा बंद केला असा घेतला होता. ते ऐकून मला जे वाटले त्याची रक्कम मी या पत्रात लिहू शकत नाही.

आपल्याकडून मला पुढील गोष्टी हव्या आहेत. सर्वांत तातडीची म्हणजे दि. 17 ऑगस्ट ते 15 सप्टेंबर या काळातले आमच्या डोमेनचे डिलिव्हरी लॉग जतन करून त्यांची प्रत मला द्यावी. लॉग ठरावीक दिवसांनी पुसले जातात, म्हणून यात विलंब चालणार नाही. पॅनेलमधील 255 अक्षरांची अडचण दूर होईपर्यंत आमची डीकिम नोंद आपल्या तंत्रज्ञाने थेट डीएनएस सर्व्हरवर पूर्ण भरून द्यावी. स्थलांतरात याद्या व नोंदी का बदलल्या, याचे लेखी स्पष्टीकरण मिळावे आणि बंद केलेले तिकीट पुन्हा उघडून त्यात ते नोंदवावे. चालू वर्षाच्या शुल्काचा परतावाही मी मागत आहे. त्याच सर्व्हरवर हलवलेल्या इतर ग्राहकांपैकी ज्यांची एमएक्स नोंद बाहेरची आणि राउटिंग 'स्थानिक' आहे, त्यांचा शोध घेऊन त्यांना आजच कळवावे. दोन याद्या ताडून पाहण्याचे हे काम फार वेळाचे नाही, आणि आपली पत्रे हरवत आहेत हे त्यांना आज ठाऊक असण्याची शक्यता नाही.

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, 2020 नुसार तक्रारीची पोच 48 तासांत आणि तिचे निवारण एका महिन्यात होणे अपेक्षित आहे. त्या मुदतीत उत्तर न आल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवीन. तिकिटातील पत्रव्यवहार, लॉगची पाने, परत आलेल्या कोटेशनांचे शेरे आणि तुटलेल्या नोंदीचे छायाचित्र सोबत जोडले आहे. डीकिम नोंद दुरुस्त होईपर्यंत रोज सायंकाळी मी ती तपासत आहे. दुरुस्त झाल्यावर कृपया फोनवर कळवावे.

कळावे,

आपला विश्वासू,
कारखान्याचा मालक
शिरोली, जि. कोल्हापूर