अ‍ॅबरगॅव्हनीचा किल्ला आणि ११७५ चा ख्रिसमस

संपादक साहेब,

वेल्समधल्या अ‍ॅबरगॅव्हनी या बाजारपेठेच्या गावातल्या नॉर्मन (म्हणजे फ्रान्सच्या नॉर्मंडीतून येऊन इंग्लंड जिंकलेल्या लोकांच्या) किल्ल्याबद्दल लिहायचंय. टुरिस्ट लोक पडक्या भिंतींपुढे फोटो काढतात, पण इथे काय घडलं ते कितीजणांना माहिती असतं?

१०८७ च्या सुमारास हॅमेलिन द बालून या नॉर्मन सरदाराने मातीची टेकडी रचून हा किल्ला उभारला. पुढे ११७५ च्या ख्रिसमसला किल्ल्याचा तेव्हाचा नॉर्मन मालक विल्यम द ब्रिओझने, मामाच्या खुनाचा सूड म्हणून, सेसिल अप डिव्हनवाल आणि बाकीच्या वेल्श सरदारांना समेटाच्या नावाखाली बोलावलं आणि तिथेच कापून काढलं, वर सेसिलच्या लहान मुलालाही सोडलं नाही. पाहुण्याला घरी बोलवून मारणं, मला तर वाचूनच कसंतरी झालं. ११८२ मध्ये वेल्श लोकांनी हल्ला करून किल्ला घेतला, तेव्हा त्यांचे बाण जवळपास चार बोटं जाड ओकच्या दारातून आरपार गेले असं त्या काळचा लेखक जेराल्ड ऑफ वेल्सने लिहून ठेवलंय.

आता त्याच टेकडीवर १८१९ च्या शिकारघरात म्युझियम आहे. तिकडे फिरायला किंवा शिकायला गेलेल्या आपल्या लोकांनी फोटोआधी सेसिलची गोष्ट नक्की वाचावी, एवढंच सांगायचं होतं.

- एक वाचक