जायचं भाडं मालाचं, यायचं भाडं हवेचं

मा. बंदरे मंत्री,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई

साहेब, नमस्कार.

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत माझा टेरी टॉवेलचा कारखाना आहे. माल उरणजवळच्या न्हावा शेवा बंदरातून परदेशी जातो. त्यासाठी आधी तिकडून रिकामा कंटेनर ट्रेलरवर चढून सुमारे ४०० किलोमीटर इकडे येतो. आम्ही खोकी भरून सील मारतो आणि तोच ट्रेलर पुन्हा घाट उतरतो. जायचं भाडं मालाचं, यायचं भाडं हवेचं. दोन्ही आमच्याच खिशातून.

मागच्या पावसाळ्यात ट्रेलर पनवेलजवळ कळंबोलीच्या पुढे अडकला. रात्री दोनला ड्रायव्हरचा फोन, "मालक, जागचं हलंना बघा." उजाडल्यावर अवजड वाहनांची बंदी लागली. दुपारी बंदराच्या गेटवर पोचला तेव्हा कटऑफ, म्हणजे बोटीसाठी माल घ्यायची मुदत, टळला होता आणि बोट हुकली. पुढची आठवड्याने. ट्रेलरचा थांबा, यार्डाचं भाडं, वर खरेदीदारापुढे गयावया. टॉवेलमागे सुटतात किती, ते इथल्या कुठल्याही कारखानदाराला विचारा.

अटल सेतू चांगलाच झाला. जानेवारी २०२४ पासून २१.८ किलोमीटरच्या पुलावरून मुंबईतली शिवडी गाठता येते. पण आमच्या कंटेनरला शिवडीला जायचंच नसतं! तो पुलाच्या अलीकडेच, पनवेल-उरणच्या रस्त्यावर खोळंबतो. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला डोंगर, आणि मधल्या पट्टीत नोकरदार, डंपर, कंटेनर सगळे एकत्र. माणसांची सोय होतेय. सोलापूरहून वंदे भारत २०२३ पासून धावते. खोक्यांना ती काय कामाची?

आता डहाणूजवळचं नवं वाढवण बंदर. ३० ऑगस्ट २०२४ ला भूमिपूजन झालं, खर्च ७६,२२० कोटी. तिथल्या मच्छीमारांचं गाऱ्हाणं वेगळं आहे, ते त्यांनीच मांडावं. माझा प्रश्न साधा आहे: सोलापूरचा ट्रेलर डहाणूकडे जाणार कुठून? ठाण्याकडचे शिळफाटा आणि घोडबंदर! आज कळंबोलीत अडकतो, उद्या गायमुखाच्या घाटात अडकेल.

न्हावा शेवा केंद्राकडे, हे मला कळतं. पण वाढवणमध्ये राज्याच्या सागरी मंडळाचा २६ टक्के वाटा आहे, तेव्हा तिथे तरी तुमचा शब्द चालायला हवा. जालना, वर्धा, निफाड, सांगली, सगळ्यांच्या नावाने ड्राय पोर्टच्या, म्हणजे समुद्रापासून दूर कंटेनर हाताळायच्या कोरड्या बंदराच्या, घोषणा झाल्या. त्यात सोलापूर कुठे? इथून दौंडपर्यंत दुहेरी रेल्वेमार्ग आहे, वीजही आहे. रिकाम्या कंटेनरसाठी एक यार्ड, कस्टमची तपासणी इथेच, आणि ठरल्या वारी बंदराच्या आतपर्यंत जाणारी मालगाडी, एवढं द्या. सुरुवातीला आठवड्यातून एकच गाडी सोडा. ती भरायला टॉवेल आहेत, चादरी आहेत, साखर आहे, पंढरपूर-सांगोल्याची डाळिंबं-द्राक्षं आहेत. तेवढे ट्रेलर कळंबोलीतून कमी होतील, तो फायदा मुंबईचा.

या मागणीसाठी आम्ही कारखानदार मंत्रालयात यायला तयार आहोत. तारीख कळवा. फक्त सकाळची वेळ देऊ नका. रस्त्याचा भरवसा नाही.

आपला,
सोलापूरचा एक टॉवेल उत्पादक