माझं तिकीट वेगळं काढ

चि. मेघना,
अनेक आशीर्वाद.

तू व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला दिल्लीचा तक्ता मी रेवाच्या जुन्या वहीत हाताने उतरवून काढला. मोबाइलवर बोटाने पुढेमागे सरकवत वाचलं की मला त्याचा मेळच लागत नाही. कागदावर आल्यावर मोजलं: चार दिवस, एकोणीस ठिकाणं. हे फोनवरही बोलता आलं असतं, पण फोनवर तू म्हणतेस, "अगं आई, होईल गं सगळं," आणि मी "बरं" म्हणून फोन ठेवते. म्हणून लिहायला बसले.

तू आठवीत असताना आपण दिल्लीला गेलो होतो. तुला त्यातलं बाहुल्यांचं संग्रहालय आठवत असेल. मला हुमायूनच्या मकबऱ्याच्या पायऱ्या आठवतात. तुझी आजी तेव्हा बाहत्तर वर्षांची होती, मी आज एकाहत्तरची आहे. तो दौरा मीच आखला होता आणि अगदी तुझ्यासारखाच आखला होता. एवढ्या लांब आलोय, पैसे घातलेत, काही सुटता कामा नये. प्रत्येक ठिकाणी मी त्यांना विचारायचे, "आई, बरं वाटतंय ना?" आणि त्या म्हणायच्या, "मला काय धाड भरलीय, चला."

तिसऱ्या दिवशी मकबऱ्याला गेलो. तिथला चौथरा चांगला उंच आणि वर जायच्या दगडी पायऱ्या खूप चढ्या. सात-आठ पायऱ्या चढल्या आणि त्या मध्येच बसल्या. एक हात भिंतीला, दुसऱ्या हातात निऱ्या घट्ट धरलेल्या, ओठ कोरडे पांढरे पडलेले. मी पाण्याची बाटली पुढे केली तर मान हलवून नको म्हणाल्या. रात्री खोलीवर पायांना तेल लावताना कळलं की तिन्ही दिवस त्या सकाळच्या चहानंतर पाण्याचा घोटही घेत नव्हत्या. का, तर "सारखी सारखी बाथरूम कुठे शोधणार तुम्ही? तुमचा वेळ जातो त्यात."

मेघना, मी त्यांना विचारत होते हे खरं. पण "बरं आहे" हेच उत्तर यावं अशा घाईने विचारत होते, आणि ते त्यांना बरोबर कळत होतं. हे मला आजही लागून राहिलंय. नंतर त्या एकदाही म्हणाल्या नाहीत की तू मला दमवलंस.

म्हणून माझं मी आधीच खरं सांगून टाकते. सपाटीवर मी अर्धा तास नीट चालते, मग दहा मिनिटं बसायला लागतं. चढण्यापेक्षा उतरताना गुडघे जास्त बोलतात, म्हणून जिथे मी वर चढून जाईन तिथून खाली येण्याचा वेळ दुप्पट धर. दर दोन तासांनी स्वच्छतागृह. वय झालं की तहान लागल्याचं कळतही नाही लवकर, तेव्हा पाण्याची आठवण करायचं काम रेवाला दे, ती विसरत नाही. दुपारी दोन तास मला आडवं व्हायचंय. कुठे चाकाची खुर्ची मिळत असेल तर बेलाशक घे, मला त्यात काही कमीपणा वाटत नाही. गोळ्या मी माझ्या पर्समध्येच ठेवीन, मोठ्या बॅगेत नाही.

आता तुझा तक्ता. सोमवारी तू लाल किल्ला लिहिलायस. सोमवारी लाल किल्ला बंद असतो. राष्ट्रीय संग्रहालय, रेल्वे संग्रहालय, अक्षरधाम, लोटस टेंपल यांनाही सोमवारीच सुटी. कुतुबमिनार आणि हुमायूनचा मकबरा मात्र रोज उघडे असतात आणि दोन्ही दक्षिणेकडे आहेत, म्हणजे सोमवार त्या दोघांना दे. शनिवारी तू कुतुब, चांदणी चौक आणि अक्षरधाम एका दिवसात बसवलंस. नकाशा काढून बघ, एक दक्षिणेच्या टोकाला, दुसरं उत्तरेला, तिसरं यमुनेपलीकडे. अख्खा दिवस बघण्यापेक्षा जाण्यायेण्यातच संपेल. दिवसाला एक भाग धरावा, सकाळी एक मोठं ठिकाण, संध्याकाळी एक हलकं. बाकीचं सुटलं तर सुटू दे.

तारखांबद्दलही बोलायचंय. नाताळच्या सुटीत नको. त्या दिवसांत धुकं इतकं असतं की गाड्या तासन् तास उशिराने पोचतात, आणि थंडी माझ्या गुडघ्यांना सोसणारी नाही. दिवाळीनंतर हवेत धूर असतो, तेही नको. फेब्रुवारीच्या दुसऱ्या पंधरवड्यात जाऊ. थंडी ओसरलेली असते, आणि राष्ट्रपती भवनातलं अमृत उद्यान त्याच सुमारास लोकांसाठी उघडतात, फुलं बघायला मिळतील. त्याची नोंदणी आधी करून ठेवलेली बरी. मुलांची दोन-तीन दिवस शाळा-कॉलेज बुडेल. बुडू दे.

आणि रेल्वेचं तिकीट. हे नीट वाच. तू पाचही जणांचं एकत्र काढशील आणि मला वरचा बर्थ मिळेल. ज्येष्ठांसाठी खालच्या बर्थचा कोटा असतो, पण तो ज्येष्ठ माणूस एकटा असेल किंवा तिकिटावरचे दोघेही ज्येष्ठ असतील तरच लागू होतो. तरुण माणसं त्याच तिकिटावर असली की लागू होत नाही. तेव्हा माझं तिकीट वेगळं काढ. डबा वेगळा आला तरी चालेल, मी घाबरत नाही. भाड्यातली सवलत २०२० च्या मार्चमध्ये बंद झाली ती झालीच, निदान बर्थ तरी खालचा मिळू दे.

मुलांचं म्हणशील तर तक्त्यात सगळ्यात खटकलं ते "सकाळी ७: सगळे तयार". मी पाचला उठते, ओजस नऊला. तू त्याला आळशी म्हणतेस, पण या वयात शरीराचं घड्याळच पुढे सरकतं, झोपेचं रसायन रात्री उशिरा सुटायला लागतं. तो मुद्दाम करत नाही. त्याला ओढून उठवलंस तर दुपारपर्यंत तो तोंड पाडून बसेल, तू चिडशील आणि मी मधे पडेन. त्यापेक्षा सकाळी तू आणि मी दोघीच लोधी गार्डनला जाऊ. सपाट रस्ते, झाडं, जुने घुमट, बसायला बाकं. तू आणि मी दोघीच कुठे जाऊन बसल्याला किती वर्षं झाली, आठव बरं. मुलं आणि त्यांचे बाबा दहाला नाश्ता करून भेटतील.

दुपारी मी झोपले की तुम्ही चौघं सुटा. चांदणी चौक तेव्हा करा, मी नसताना. तुम्हाला गर्दीत घुसता येईल, मुलांना गल्ल्या धुंडाळता येतील, आणि कुणाला मागे वळून "आजी आली का" बघावं लागणार नाही. पाच माणसांनी चार दिवस सतत एकमेकांच्या पायात पाय घालून फिरायचं, त्यात कुणालाच सुख नसतं. मला बाकावर बसवून पुढे जायला तुला अपराधी वाटतं, हे मी ओळखून आहे. खरंच सांगते, मला बसायला आवडतं. अनोळखी शहरात बाकावर बसून माणसं बघणं हेसुद्धा शहर बघणंच आहे.

मेट्रोचं सगळं ओजसकडे दे. कुठल्या मार्गिकेने जायचं, कुठे बदलायचं, लिफ्ट कुठल्या दाराला आहे, ते त्याने आधी काढून ठेवायचं. आपल्या मागच्या फेरीला मेट्रो नव्हती, ती २००२ च्या डिसेंबरात सुरू झाली. आता लाल किल्ल्याच्या नावाचंच स्थानक आहे. स्थानकात लिफ्ट असतात हे माझ्यासारखीला फार मोठं आहे. गाडीचा पहिला डबा बायकांचा, तिथे मी, तू आणि रेवा. कचेऱ्या सुटायच्या वेळी राजीव चौकात बदलायचं तेवढं टाळा. आणि ओजसचं चुकलं, उलट्या दिशेच्या गाडीत बसलो, तर तू काही बोलू नकोस. पुढच्या स्थानकावर उतरू आणि परत येऊ.

दोघांना एकेक ठिकाण त्यांच्या मर्जीने निवडू दे आणि तिथे किती वेळ थांबायचं तेही त्यांनीच ठरवू दे. ओजसला जंतरमंतर आवडेल, १७२४ मध्ये सवाई जयसिंगाने बांधलेलं, दुर्बीण न वापरता सूर्य-ताऱ्यांची मापं घ्यायला. कुतुबच्या आवारातला लोहस्तंभही त्याला दाखव. गुप्तकाळातला, सहा टनांहून जड, आणि गंजून गेलेला नाही, कारण त्या लोखंडात फॉस्फरस जास्त आहे. मिनारात मात्र चढता येत नाही हे त्याला आधीच सांग. १९८१ मध्ये आत अंधारात चेंगराचेंगरी झाली, पंचेचाळीस जणं गेली, त्यात बरीचशी शाळेची मुलं. तेव्हापासून वर जाणं बंद आहे. रेवाला चित्रकलेची वही घेऊन अग्रसेनच्या बावडीत बसू दे, जंतरमंतरपासून ती लांब नाही. दोघांनी मिळून दोन तास हिंडावं, फोन चालू ठेवावे, भेटायची जागा आणि वेळ ठरवून घ्यावी. तू तेवढा वेळ त्यांच्या मागे जाऊ नकोस.

लाल किल्ल्यात दिवाण-ए-खासच्या छताखाली मला पाच मिनिटं दोघं माझ्यासाठी हवेत. १७६० मध्ये पानिपतावर जायच्या आधी सदाशिवरावभाऊंनी त्या छताची चांदी उतरवली, फौजेचा पगार भागवायला. आपल्याकडे पानिपत म्हटलं की सगळे रणांगणाबद्दल बोलतात, पण त्याआधी फौजेचं पोट होतं, ते त्या छताकडे बघून कळतं.

आणि माझं स्वतःचं एकच मागणं. तुझ्या एकोणीसात ते नाही. तीस जानेवारी मार्गावर गांधीस्मृती आहे, पूर्वीचं बिर्ला हाउस. गांधीजी शेवटचे १४४ दिवस तिथे होते. खोलीतून प्रार्थनेच्या जागेपर्यंत ते जसे चालत गेले, त्या वाटेवर सिमेंटची पावलं उमटवून ठेवली आहेत. मागच्या वेळी आपण दाराशी पोचलो तेव्हा बंद व्हायची वेळ झाली होती. मीच आणखी एक ठिकाण मधे घुसवलं होतं. तुझी आजी फाटकाच्या गजांना धरून आत बघत राहिली. तिने लहानपणी त्यांना एकदा लांबून पाहिलं होतं, तेवढंच एक तिला बघायचं होतं, आणि तिने ते मला परतीच्या गाडीत सांगितलं.

त्या संध्याकाळी सरदार पटेलांशी बोलण्यात गांधीजींना उशीर झाला होता. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते, मनू आणि आभा या नात्यातल्या दोन तरुण मुलींच्या खांद्यावर हात ठेवून ते भराभर निघाले. मला त्या वाटेने सावकाश जायचंय, एका बाजूला ओजस आणि एका बाजूला रेवा. तू मागून ये. त्या दिवशी दुसरं काही ठेवू नकोस, आणि रविवार धर, सोमवारी तेही बंद असतं.

नवा तक्ता कागदावर लिहून फोटो पाठव, अक्षर मोठं काढ. आरक्षण साठ दिवस आधी उघडतं, तेव्हा डिसेंबरातच हाताशी ये.

तुझी,
आई