पंपात शिरण्याआधी बाहेरची वाट

ऑरोरा, कोलोरॅडो
२७ जुलै

प्रिय बाळू,
सप्रेम नमस्कार.

पुढच्या उन्हाळ्यात तुम्ही चौघं येताय हे वाचून घरात एकदम आनंदीआनंद झाला. पोरांनी तर आत्तापासून कोण कुठं झोपणार यावर भांडायला सुरुवात केलीय. ‘तुझ्या त्या चाकांवरच्या घरातनं यलोस्टोन पार्कला जाऊ, हॉटेलचा खर्च वाचेल,’ असं तू लिहिलंयस. जाऊ की! पण खर्च वाचतो म्हणणाऱ्यानं आधी पेट्रोलची कथा ऐकून घ्यावी. फोनवर सांगितली असती, पण तू मधेच हसत सुटतोस आणि माझं सांगायचं राहतं. म्हणून हे लांबलचक पत्र. चहा घेऊन बस.

एवढा मोठा ट्रेलर, म्हणजे ते चाकांवरचं घर, पिकअपमागं ओढणं फार अवघड असणार असं सगळ्यांना वाटतं. तसं काही नाही. हायवेला लागलं की ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास वेग ठेवायचा, उजवी लेन सोडायची नाही, घाई असेल त्याला पुढं जाऊ द्यायचं. कटकट सुरू होते ती पेट्रोलचा काटा अर्ध्यावर आला की. हिशेब बघ. पिकअप वीस फुटी, मागचा ट्रेलर एकतीस फुटी. सगळं मिळून साडेपंधरा मीटरचं प्रकरण. छतावरच्या एसीसकट उंची अकरा फूट, आणि सामान, पाणी भरलं की नुसत्या ट्रेलरचं वजन साडेतीन टनांच्या घरात जातं. एरवी ही गाडी लिटरला साडेआठ किलोमीटर देते. ट्रेलर जोडला की पावणेचार. समोरून वारं असेल तर तीन. टाकी ९८ लिटरची आहे, म्हणजे कागदावर जवळजवळ पावणेचारशे किलोमीटर निघतात, पण कागदावरच्या शेवटच्या शंभरांवर भरवसा ठेवणारा माणूस मी अजून पाहिला नाही. अर्धी टाकी झाली की पंप बघायचा. म्हणजे दर दोनेक तासांनी आमची परीक्षा.

परीक्षा का, ते कळायला इथले पंप कसे असतात ते डोळ्यांपुढं आण. मधे दुकान, त्याच्यासमोर मोठं छप्पर, छपराखाली ओट्यांवर पंप, आणि प्रत्येक ओट्याच्या दोन्ही टोकांना पिवळे लोखंडी खांब. ओटे जर असे असतील की गाडीचं तोंड सरळ दुकानाकडं होतं, तर विसरायचं. मोटार पेट्रोल भरते, चार-पाच मीटरांत वळते आणि जाते. आमच्यासमोर मात्र दुकानाची भिंत आणि तिला नाक लावून उभ्या असलेल्या गाड्या. ओटे दुकानाला समांतर असतील तर आशा असते, पण तीही फक्त अगदी बाहेरच्या रांगेची. त्यात माझ्या गाडीचं टाकीचं झाकण डाव्या अंगाला, म्हणजे पंप डावीकडंच यायला हवा. असं करत करत बारा पंपांतला एखादाच आमच्या नशिबी उरतो. आणि नेमका त्याच पंपावर कुणीतरी पेट्रोल भरून झाल्यावरही गाडी तशीच सोडून आत कॉफीत साखर ढवळत उभा असतो.

मग तू म्हणशील, ट्रकवाले भरतातच की कुठं तरी. भरतात, आणि झोकात भरतात. त्यांच्या रांगा वेगळ्या, ऐसपैस, सरळ आत आणि सरळ बाहेर. पण तिथं मिळतं फक्त डिझेल, आणि माझी गाडी पेट्रोलवर चालते. ज्यांच्या पिकअप डिझेलच्या आहेत ते ट्रकांच्या रांगेत घुसतात. तिथलं नोझल जाड असल्यामुळं काहींच्या टाकीत ते शिरत नाही, ती त्यांची वेगळी रड. आम्ही त्रिशंकू. मोटारींच्या जागेत मावत नाही आणि ट्रकांच्या जागेत आमच्या कामाचं काही मिळत नाही. महामार्गावरच्या काही मोठ्या ट्रकथांब्यांवर आमच्यासारख्यांसाठी वेगळी रांग असते. पेट्रोल, डिझेल दोन्ही, शिवाय ट्रेलरमधलं सांडपाणी सोडायची सोयही. अशी रांग दिसली की काटा पाऊणवर असला तरी मी गाडी आत घालतो. बायको म्हणते, आत्ताच तर भरलं होतं. भरलं होतं, पण पुढं काय वाढून ठेवलंय कुणाला ठाऊक?

आत शिरणं एक वेळ जमतं. बाहेर पडताना खरी मेख आहे. गाडी वळते त्याच रेषेवर ट्रेलरची चाकं येत नाहीत, ती कोपरा कापून आतून येतात. त्यामुळं पंपाशेजारून निघताना लगेच डावीकडं वळलास तर ट्रेलरची कूस थेट त्या पिवळ्या खांबावर. आणि खांब हलत नसतो. म्हणून ट्रेलरची मागची चाकं ओटा ओलांडेपर्यंत नाकासमोर जायचं आणि मगच स्टिअरिंग फिरवायचं. त्यात आणखी एक गंमत अशी की डावीकडं वळताना ट्रेलरचं शेपूट उजवीकडं झुकतं. चाकांच्या मागं तीन-साडेतीन मीटर धूड लोंबत असतं, ते शेजारच्या गाडीच्या आरशापर्यंत जातं आणि तुला आतून कळतही नाही. रिव्हर्सचं तर बोलूच नको. ट्रेलर डावीकडं न्यायचा तर स्टिअरिंग उजवीकडं. मोकळ्या मैदानात हे सगळ्यांना जमतं. मागं पाच गाड्या भोंगे वाजवत असल्या की ज्याला जमतं तो खरा.

तुला आठवतंय, गळीत सुरू झालं की आपल्या रस्त्यानं रात्रभर ऊसवाले जायचे? ट्रॅक्टरला मागं दोन-दोन ट्रॉल्या, टेपवर फाटक्या आवाजात गाणी, आणि आपण सायकली घेऊन बाजूच्या चरीत. डिझेलला ते नेहमी गावाबाहेरच्याच पंपावर थांबायचे, तिठ्यावरच्या जवळच्या पंपावर कधी नाही. तेव्हा वाटायचं, तिथं उधारी चालत असेल. आता कळतं. गावाबाहेरच्या पंपाला पुढं-मागं मोकळं रान होतं. दोन ट्रॉल्या लावून रिव्हर्स घ्यायच्या भानगडीत कुणी पडत नाही. बाहेरची वाट बघून मगच आत. त्या लोकांना ट्रेनिंग कुणी दिलं होतं, मर्दा?

पण बाहेरची वाट दिसली म्हणजे ती राहतेच असंही नाही. शेजारच्या वायोमिंग राज्यात रॉलिन्स म्हणून गाव आहे. आय-८० महामार्गावरचं, समुद्रसपाटीपासून दोन हजार मीटरपेक्षा उंच, आणि वारं असं की रिकामे ट्रक आडवे होतात. वारं फार वाढलं की हलक्या आणि उंच गाड्यांना तो रस्ता चक्क बंद करतात. आम्ही लॅरमी गावापासून सगळा रस्ता वाऱ्याशी झुंजत आलो होतो, पेट्रोल बघता बघता उतरलं होतं. गावात एक पंप दिसला. बाहेरची रांग मोकळी, समोर रस्त्यावर उतरायला रुंद वाट. याहून चांगलं काय पाहिजे? गाडी लावली, नोझल अडकवलं, आणि तेवढ्यात पेट्रोलचा भला मोठा टँकर आला आणि आमच्या त्या रुंद वाटेवर आडवा उभा राहिला. ड्रायव्हर उतरला, त्यानं केशरी शंकू मांडले, जमिनीतली झाकणं उघडली, पाइप जोडले आणि हातमोजे सारखे करत निवांत उभा राहिला. जमिनीखालच्या टाक्या भरायला आला होता तो. मधे हलणार थोडाच?

पुढं टँकर, डावीकडं ओटा, उजवीकडं कठडा. मागं बघितलं तर एक व्हॅन, तिच्यामागं एक पिकअप, त्यामागं आणखी कुणीतरी. माझं पेट्रोल भरून झालं, पावती आली, पोरांचं आइस्क्रीम खाऊन झालं तरी आम्ही तिथंच. व्हॅनमधल्या बाईंनी भोंग्यावर हात ठेवला तो उचलेनात. मी खाली उतरून हातवारे करून टँकर दाखवला. त्यांनी हातवारे करून मला काय दाखवलं ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. शेवटी टँकरवाल्याकडं गेलो. म्हातारा, शांत माणूस. म्हणाला, ‘अजून अर्धा तास तरी लागेल. पण एक सांगतो. जमिनीत ही रंगीत गोल झाकणं दिसली ना, की त्या बाजूची वाट ही वाट धरायचीच नाही. ती आमची जागा.’ मग स्वतःच मागं जाऊन एकेक गाडी मागं घ्यायला लावली, मी कासवाच्या गतीनं रिव्हर्स घेतला आणि कसेबसे सुटलो. इतकी वर्षं झाली या देशात, पण असली कामाची गोष्ट दुसऱ्या कुणी सांगितली नव्हती. आता कुठल्याही पंपावर माझी नजर आधी जमिनीकडं जाते.

बारीकसारीक बाबी तर अनंत. ट्रेलरमधला फ्रिज चालत्या प्रवासात प्रोपेन गॅसवर ठेवला असेल तर त्यात ज्योत पेटलेली असते. पंपावर पेट्रोलची वाफ आणि शेजारी ज्योत, म्हणजे संपलंच. म्हणून पंपाकडं वळण्याआधीच तो बंद करायचा. ‘गॅस बंद केला का?’ हा मराठी घराचा कुलूप लावतानाचा प्रश्न आम्ही इथं हायवेवर दिवसातून दोन-तीनदा विचारतो. दुसरं म्हणजे, कोलोरॅडो आणि वायोमिंगकडच्या पंपांवर सगळ्यांत स्वस्त बटण ८५ ऑक्टेनचं असतं (ऑक्टेन म्हणजे पेट्रोलची प्रत सांगणारा आकडा). उंचावरच्या विरळ हवेत जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांना ते चालून जायचं, त्या काळापासूनची ही पद्धत. माझ्या टर्बो इंजिनाला पुस्तकाप्रमाणं निदान ८७ लागतं, त्यामुळं मधलं बटण आणि जास्तीचे पैसे. (आपल्याकडच्या आकड्यांशी तुलना करू नकोस, मोजायची रीत वेगळी आहे.) आणि तुझ्यासाठी खास: पंप कार्ड घेताना घराचा पाच आकडी पिनकोड विचारतो. तुझा पिन सहा आकडी. तेव्हा तू हौसेनं पैसे भरायला निघालास तर आत काउंटरवर जाऊन पंपाचा नंबर सांगायचा आणि आधीच रक्कम द्यायची. उरलेले परत मिळतात.

आम्ही सुरुवातीला न्यू जर्सीत होतो ना, तिथं १९४९च्या कायद्यानं अजूनही स्वतःच्या हातानं पेट्रोल भरायला बंदी आहे. माणूस येतो, भरतो, आपण काच खाली करून बसायचं. आपल्या गावाकडच्यासारखंच, फक्त ‘साहेब, झीरो बघा’ तेवढं कुणी म्हणत नाही. ऑरेगॉनमध्येही अशीच बंदी होती, ती २०२३ मध्ये उठली. तेव्हा मी या लाडांना नावं ठेवायचो. आता रॉलिन्सच्या वाऱ्यात टोपी एका हातानं धरून दुसऱ्या हातानं नोझल धरताना न्यू जर्सी स्वर्ग वाटते.

यावर सगळ्यांत चांगला उपाय साधा आहे, आणि तो मला फार पटलाय: शक्यतो ट्रेलर लावून पेट्रोल भरायचंच नाही. संध्याकाळी मुक्कामी पोचलो की ट्रेलर सोडायचा, जॅकवर उभा करायचा, आणि रिकामी गाडी घेऊन गावात जायचं. मिळेल त्या पंपावर माणसासारखं जाऊन टाकी काठोकाठ भरायची. येताना दूध, ब्रेड. सकाळी निघताना टाकी पूर्ण, डोक्याला ताप एकाच थांब्याचा. आणि तो थांबा आदल्या रात्रीच उपग्रहाच्या नकाशावर बघून ठरवायचा. हे काम सौभाग्यवतींचं. फोनवर पंपाचं छप्पर मोठं करून, आत कुठून, बाहेर कुठून, ओटे आडवे की उभे, हे सगळं ती बघते. मला नकाशात नुसतं पांढरं छप्पर दिसतं, तिला त्याखालची भांडणं दिसतात.

तर आपला बेत असा. पहिल्या दिवशी इथून लॅरमी आणि तिथून रॉलिन्स. तिथं मुक्काम करू आणि टाकी भरून ठेवू, कारण पुढं लँडरपर्यंतचे २०० किलोमीटर म्हणजे नुसता माळ. मधे जेफ्री सिटी लागते. नावातच सिटी. युरेनियमच्या खाणी होत्या तोवर भरलेलं गाव होतं, १९८०च्या दशकात धंदा बसला आणि माणसं निघून गेली. तिथं पेट्रोलची आशा धरायची नाही. लँडरनंतर टोग्वोटी खिंड, २,९०० मीटरपेक्षा उंच. त्या चढाला गाडी पेट्रोल पिते, म्हणून आधी पुन्हा टाकी भरायची. यलोस्टोनमध्ये आत पंप आहेत, आणि तिथं आपण ट्रेलर मुक्कामाच्या तळावर ठेवूनच फिरणार. तळ फिशिंग ब्रिजचा घ्यावा असं मनात आहे. अस्वलांचा वावर असल्यामुळं तिथं तंबूवाल्यांना परवानगी नाही, भक्कम भिंतींची वाहनंच चालतात. वहिनींना हे आत्ताच सांगू नकोस.

‘त्यापेक्षा वेगळी मोटरहोम भाड्यानं घेऊ का?’ असंही विचारलंयस. घेऊ शकतोस. सलग एकच गाडी असल्यामुळं पंपावर ती ट्रेलरपेक्षा कितीतरी सोपी. पण भाडं, दर मैलाचे पैसे, विमा हे सगळं जोडलंस तर हॉटेल बरं म्हणशील. आणि दोन वाहनं झाली की पंपही दोन शोधायला लागणार. एकातच जाऊ. तुला काम ठरवून ठेवलंय: प्रत्येक पंपावर मागं उतरून शेपटावर नजर ठेवायची, आणि मला आरशात दिसशील असं उभं राहायचं. तू मला दिसला नाहीस तर मीही तुला दिसत नाही असं धर. ‘येऊ दे, येऊ दे’ एवढंच न ओरडता ‘थांब’ पण वेळेवर ओरडायचं. तुझ्या स्कूटरला मागं ढकलताना शेणीच्या ढिगात घातलं होतंस ते मी अजून विसरलेलो नाही.

पेट्रोलचे पैसे निम्मे-निम्मे, यावर वाद नको. काका-काकूंना साष्टांग नमस्कार, वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद. तारखा मात्र आठ-पंधरा दिवसांत नक्की कळव. यलोस्टोनच्या तळावरच्या जागा कित्येक महिने आधी भरतात, आणि जुलैत जागा मिळाली नाही तर बाहेर राहून रोज आत-बाहेर करावं लागेल. म्हणजे पुन्हा पेट्रोल.

तुझा,
मन्या