फोर्टातल्या त्या लॉजचं दार नक्की कोणी उघडलं?

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत फोर्टातल्या जुन्या इमारतींवर पानभर फोटो आले होते, त्यात फ्रीमेसन्स हॉलचाही होता (फ्रीमेसन किंवा मेसन म्हणजे एकमेकांना भाऊ मानणाऱ्या, गुप्त खुणा आणि दीक्षा असलेल्या एका जुन्या संघटनेचे सभासद, आणि त्यांच्या शाखेला म्हणतात लॉज), आणि खाली दीड ओळीत लिहिलं होतं की इंग्रजांनी आपल्यासाठी काढलेला क्लब, पुढे त्यांनी मोठ्या मनाने भारतीयांनाही घेतलं. हे वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय, थोडं लांबेल, पण शक्य असेल तर छापा, कारण हे "मोठ्या मनाने" खरं नाही आणि ज्या माणसाने ते दार ठोठावून ठोठावून उघडायला लावलं त्या माणेकजी कर्सेटजींचं नावच त्या दीड ओळीत नाहीये.

आधी माझा त्या इमारतीशी संबंध काय ते सांगतो. माझे वडील गवंडी होते, संगमेश्वरकडचे, जांभ्याच्या कामातून शिकून मुंबईत आलेले, आणि फोर्टातल्या जुन्या इमारतींची डागडुजी करणाऱ्या एका मिस्त्रीच्या हाताखाली त्यांनी बरीच वर्षं काढली. मी सात-आठ वर्षांचा असेन, शनिवारी अर्धा दिवस शाळा सुटली की त्यांचा डबा घेऊन व्हीटीला उतरायचो. एकदा त्या हॉलसमोरून जाताना वडिलांनी मला थांबवलं आणि वरच्या चिन्हाकडे बोट करून म्हणाले, बघ, आपला गुण्या, म्हणजे काटकोन तपासायचं हत्यार. वर कंपास आणि खाली गुण्या, मधे काहीतरी अक्षर. मला वाटलं ही गवंड्यांचीच कचेरी असणार, वडिलांना आत जायचं असेल, पण ते गेले नाहीत. "आपल्यासाठी नाही ते," एवढंच बोलले आणि चालायला लागले. वडिलांचा पितळी ओळंबा, भिंत सरळ उभी आहे का बघायचा, अजून माझ्या कपाटात आहे, दोरी मी दोनदा बदलली, टोकाला मार लागून खाच पडलीय तीही तशीच आहे, आणि मला तेव्हापासून हे कोडं होतं की गवंड्याची हत्यारं लावलेल्या घरात गवंडी का नाही जाऊ शकत.

पुढे वाचत गेलो तेव्हा कळलं की युरोपात देवळं-चर्चं बांधणाऱ्या पाथरवटांच्या जुन्या संघटना होत्या, त्यांच्या खुणा, त्यांचे शब्द, त्यांची शिकाऊ-कारागीर-उस्ताद अशी उतरंड, हे सगळं नंतर दगडाला हातही न लावणाऱ्या लोकांनी उचललं, आणि लंडनमधल्या चार लॉजनी मिळून १७१७ साली पहिली ग्रँड लॉज, म्हणजे लॉजच्या वरची मोठी संस्था, केली असं धरतात. म्हणून आजही लॉजच्या मास्टरच्या, म्हणजे प्रमुखाच्या, गळ्यात गुण्या असतो, त्याच्या हाताखालच्या सीनियर वॉर्डनच्या गळ्यात पाणसळ आणि ज्युनियर वॉर्डनच्या गळ्यात ओळंबा. गुण्या म्हणजे वागणं काटकोनात ठेव, पाणसळ म्हणजे सगळे एका पातळीवर, ओळंबा म्हणजे सरळ उभा राहा. आता सांगा, "सगळे एका पातळीवर" हे गळ्यात घालून फिरणाऱ्यांनी मुंबईत काय केलं?

इथे लॉज अठराव्या शतकापासून होतं. पण ते कंपनीच्या साहेबांचं. एखादा नवाबजादा सोडला तर, म्हणजे १७७० च्या दशकात अर्काटच्या नवाबाच्या मुलाला दक्षिणेत घेतलं होतं तसं, नेटिव्ह माणसाला आत प्रवेश नव्हताच. आणि मग येतात माणेकजी कर्सेटजी. जन्म १८०८, पारशी, घरचे खाऊनपिऊन सुखी, पुढे स्मॉल कॉजेस कोर्टात न्यायाधीश झाले. ह्या माणसाचा स्वभावच असा दिसतो की "तुला इथे येता येणार नाही" म्हटलं की तिथेच जायचं. टाऊन हॉलमधल्या एशियाटिक सोसायटीने, म्हणजे तेव्हाच्या रॉयल एशियाटिकच्या मुंबई शाखेने, त्यांना आधी नाकारलं आणि शेवटी १८४० मध्ये घ्यावंच लागलं, ते तिथले पहिले भारतीय सभासद. आपल्यातले किती जण आज त्या पायऱ्यांवर बसून फोटो काढतात, त्यांना हे माहीत असायला हवं असं मला वाटतं.

लॉजचंही तसंच. मुंबईत लॉज पर्सिव्हिअरन्स म्हणून होतं, नावाचा अर्थ चिकाटी, तिथल्या गोऱ्या मंडळींनी माणेकजींना घ्यायला विरोध केला. लॉजमध्ये नवीन माणूस घ्यायचा तर मतदान गोट्यांनी होतं, पांढरी म्हणजे हो, काळी म्हणजे नाही, पेटीत हात घालून टाकायची, कोणी काय टाकलं कोणाला कळत नाही, आणि थोड्याशा काळ्या निघाल्या तरी माणूस बाहेर. ही पद्धत मला फार बोचते, कारण नकार देणाऱ्याला तोंड दाखवावं लागत नाही आणि ज्याला नकार मिळतो त्याला उद्या त्याच लोकांशी रस्त्यात सलाम-दुवा करावी लागते. माणेकजी युरोपला गेले तेव्हा पॅरिसमधल्या एका लॉजमध्ये त्यांनी दीक्षा घेतली, म्हणजे फ्रेंचांनी भाऊ म्हणून घेतलं, आणि मुंबईत परत आल्यावर इथल्या लॉजात बसायचं म्हटलं तर पुन्हा आडकाठी. जगात कुठेही एकदा भाऊ झालास की सगळीकडे भाऊ, हा मेसनांचा स्वतःचाच नियम, तो बॉम्बेच्या बंदरात उतरल्या उतरल्या बुडाला.

आता जेम्स बर्न्स. ह्या माणसाला मी श्रेय नाकारत नाहीये, उलट त्याच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. स्कॉटलंडच्या मॉन्ट्रोझचा, पेशाने डॉक्टर, कवी रॉबर्ट बर्न्सच्या नात्यातला. भुजला रेसिडेन्सीचा सर्जन होता, तिथून १८२७ साली सिंधच्या अमीरांनी त्याला औषधपाण्यासाठी सिंधमधल्या हैदराबादला बोलावलं. पुढे १८३६ मध्ये स्कॉटलंडच्या ग्रँड लॉजने त्याला पश्चिम भारताचा प्रांतिक ग्रँड मास्टर नेमलं. त्याचा धाकटा भाऊ म्हणजे तो प्रसिद्ध अलेक्झांडर बर्न्स, काबूलमधला इंग्रज सरकारचा अधिकारी. २ नोव्हेंबर १८४१ ला काबूलमध्ये जमावाने अलेक्झांडरला मारलं, आणि त्याच घरात आणखी एक भाऊ चार्ल्स, तोही गेला. दोन भाऊ एका दिवशी. ही बातमी मुंबईत बसलेल्या जेम्सला कळली असणार, कशी कळली असेल, पत्राने की कोणी सांगितली, मी अनेकदा विचार करतो. आणि त्यानंतर दोनच वर्षांनी, १५ डिसेंबर १८४३ ला, ह्याच माणसाने मुंबईत लॉज रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया सुरू केलं, भारतीयांना घेण्यासाठीच काढलेलं देशातलं पहिलं लॉज, आणि त्यात सुरुवातीला जे आले ते पारशी आणि मुसलमान. दोन भाऊ गमावलेला माणूस सूड धरून बसला असता तर त्याला कोणी नावं ठेवली नसती, त्या काळी तर इंग्रजी पेपरांत सूडाचीच भाषा होती. त्याने भारतीयांना भाऊ म्हणून घेतलं. एवढं मोठं मन बर्न्सचं होतं, "इंग्रजांचं" नव्हतं, कारण बाकीच्या इंग्रजांच्या लॉजची दारं त्या दिवशी बंदच होती, म्हणून तर वेगळं लॉज काढायला लागलं ना! आणि माणेकजी अडून बसले नसते तर बर्न्सलाही वेगळं लॉज काढायची वेळ आली नसती.

हिंदू का नव्हते सुरुवातीला, हा प्रश्न कोणीही विचारेल. दोन बाजू आहेत. एक लॉजवाल्यांची बाजू, की मेसन व्हायला एका परमेश्वरावर श्रद्धा पाहिजे आणि हिंदू तर तेहतीस कोटी मानतात. ह्यावरून कलकत्त्याला प्रसन्नकुमार दत्त नावाच्या गृहस्थांना सुमारे नऊ वर्षं झगडावं लागलं, १८७२ मध्ये कुठे त्यांना घेतलं. दुसरी बाजू आपली. लॉजची सभा झाली की सगळे एकत्र जेवायला बसतात. आता १८४३ सालीच मुंबईत काय चाललं होतं बघा, श्रीपाद शेषाद्री ह्या ब्राह्मण पोराची भानगड. थोरला भाऊ नारायण ख्रिस्ती झाला, धाकटा श्रीपाद मिशनऱ्यांकडे राहिला होता, कोर्टाने त्याला बापाच्या हवाली केलं, तर पोराला जातीत परत घ्यायचं की नाही ह्यावर शहर दुभंगलं, कारण तो मिशनऱ्यांच्या घरी जेवला होता. बाळशास्त्री जांभेकर त्या पोराच्या बाजूने उभे राहिले म्हणून त्यांनाही काय काय सोसावं लागलं. ज्या गावात पोरगं कुठे जेवलं ह्यावर एवढं होतं, तिथे कोण ब्राह्मण, कोण मराठा उघडपणे पारशी-मुसलमान-साहेबांच्या पंगतीला बसणार होता?

आणि तरी बसले, पण गुपचूप आणि आपल्याच घरात. १८४९ मध्ये दादोबा पांडुरंग आणि मंडळींनी मुंबईत परमहंस सभा काढली. तीही गुप्त. तिथे प्रवेश घ्यायचा तर पाव खायचा, परजातीच्या माणसाच्या हातचा, आणि मुसलमानाच्या हातचं पाणी प्यायचं. आज पाव म्हणजे आपल्याला वडापाव, पण तेव्हा एक घास पाव म्हणजे जात गेली. पुण्याला, नगरला शाखा झाल्या, आणि १८६० च्या सुमाराला सभासदांची यादी कोणीतरी पळवली, नावं फुटायची वेळ आली, आणि सभा मोडली. रायझिंग स्टार आणि परमहंस सभा ह्यात फक्त सहा वर्षांचं अंतर, एकच शहर, दोन्हीकडे गुप्तता आणि दीक्षा. एकाचा दुसऱ्याशी थेट संबंध होता असं मी म्हणत नाही, पण मला दोन्ही शेजारी ठेवून बघावंसं वाटतं. लॉजवाल्यांनी जगापासून लपवलं ते खुणा आणि शब्द, आपल्या लोकांनी लपवलं ते एकत्र खाल्लेला पाव. धोका कोणाचा मोठा होता ते वाचकांनी ठरवावं.

लॉजने पुढे चांगली माणसं दिली हेही लिहायला पाहिजे. अवेस्ता ह्या पारशी धर्मग्रंथाचे मोठे अभ्यासक खरशेदजी रुस्तमजी कामा आयुष्यभर मेसन होते, त्यांच्या मेसन असण्याच्या सुवर्णमहोत्सवाला १९०७ मध्ये गौरवग्रंथ निघाला, तो जीवनजी जमशेदजी मोदींनी संपादित केला. आणि १९६१ च्या २४ नोव्हेंबरला ग्रँड लॉज ऑफ इंडिया स्वतंत्र झाली, तिथे आज एका टेबलावर गीता, कुराण, गुरू ग्रंथसाहेब, खोर्देह अवेस्ता आणि बायबल असे पाच धर्मग्रंथ उघडे ठेवतात. ही गोष्ट मला खरंच आवडते. बायकांना मात्र त्यात अजून जागा नाही, आणि माझ्या वडिलांसारख्या खऱ्या गवंड्याला तरी कुठे होती, फी, कपडे, जेवणावळी हे सगळं परवडणाऱ्यांचंच बंधुत्व राहिलं, हेही तितकंच खरं. माणेकजींनी मात्र १८६३ मध्ये मुलींसाठी इंग्रजी शाळा काढली, अलेक्झांड्रा, तीही फोर्टातच, आपल्या मुलींना आधी शिकवून मग. म्हणजे स्वतःसाठी एक दार उघडून घेतल्यावर माणूस तिथेच खुर्ची टाकून बसला नाही.

म्हणून विनंती दोन आहेत. एक, पुढच्या रविवारी त्या फोटोखालची ओळ दुरुस्त करा, माणेकजी कर्सेटजी आणि १८४३ एवढं तरी येऊ द्या, जागा लागली तर बर्न्सचं नाव घाला. दोन, त्या लॉजकडे जुनी इतिवृत्तं असतील, गुजराती-इंग्रजीतले कागद असतील, त्यातलं जे सांगता येण्यासारखं आहे ते कोणीतरी मराठीत आणायला पाहिजे, तुमच्याकडे तरुण पत्रकार आहेत, एखाद्याला पाठवा. मी पण येईन सोबत, वय झालंय पण फोर्टात अजून चालत फिरतो. वडिलांचा ओळंबा घेऊन येईन, आतल्या लोकांना दाखवायचाय.

आपला,
एक जुना वाचक
परळ, मुंबई