रूथला पत्र

नगर, बुधवार

प्रिय रूथ,
प्रभू येशूच्या नावात सलाम.

रविवारी तू फोन ठेवलास तेव्हापासून पप्पा म्हणताहेत, तिला दोन दिवस काही बोलू नकोस. म्हणून लिहितेय. वॉर्डातल्या सात नंबरच्या पेशंटसाठी देवाकडे इतकं मागितलं, तो माणूस गेलाच, आता मी प्रार्थना करत नाही, असं म्हणालीस. तू देवावर रागावलीस याची मला भीती नाही. तू गप्प झालीस याची आहे. रूमवर कुणाशी बोलतेस की नाही?

राग असेल तर त्यालाच सांग. स्तोत्र ८८ काढून वाच. ते अंधारातच संपतं, शेवटी आभार नाहीत की स्तुती नाही. तरी ते पवित्र शास्त्रात आहे, कारण ते लिहिणारा अंधारातसुद्धा देवाशीच बोलत राहिला. देव सदोम शहराचा नाश करणार होता, तेव्हा ५० नीतिमान सापडले तर ते वाचव, इथपासून १० पर्यंत अब्राहामाने देवाशी घासाघीस केली आणि याकोबाच्या पत्रात त्यालाच देवाचा मित्र म्हटलंय. सदोम वाचलं नाही, तिथे राहणारा त्याचा पुतण्या लोट वाचला. गेथशेमाने बागेत, धरलं जाण्याआधी, प्रभूने दुःखाचा प्याला टळो हे मागणं ३ वेळा केलं, तरी तो टळला नाही. तेव्हा तुझा विश्वास कमी पडला असं मंडळीत कुणी म्हणालं तर मनावर घेऊ नकोस.

आता नाईट ड्यूटीनंतरच्या प्रार्थनेचं. रूमवर आल्या आल्या गादीवर पडून प्रार्थना करायला जाऊ नकोस. झोप लागते, मग अपराधी वाटतं आणि दुसऱ्या दिवशी टाळावंसं वाटतं. अंघोळ, चहा झाला की खुर्चीत बस. मोबाईल बंद. १० मिनिटं पुरेत. आधी मिनिटभर शांत राहा, मग एक छोटं स्तोत्र मोठ्याने वाच, नुसत्या डोळ्यांनी वाचलं की मन पुढे पळतं. त्यानंतर ड्यूटीवर काय झालं ते सांग, पेशंटच्या नावानिशी, कुणाची चिडचिड झाली, कुणाचं भलं झालं. ‘सगळ्यांना आशीर्वाद दे’ अशा मोघम बोलण्याने प्रार्थना सुकते. ‘हे सर्वसमर्थ, दयाघन’ अशी उपासनेतली भाषाही नको. शिष्यांना प्रभूने मित्र म्हटलं, योहान १५ मध्ये आहे. मित्राशी बोलतेस तसं बोल. मध्येच पुढच्या आठवड्याचा रोस्टर आठवला तर त्याच्याशी रोस्टरचंच बोल, मन ओढून आणण्यात वेळ घालवू नकोस. शब्दच सुचले नाहीत तर प्रभूची प्रार्थना एकेक ओळ सावकाश म्हण. शेवटी २ मिनिटं गप्प. आवाज येईल याची वाट पाहायची नाही. वाचलेल्या स्तोत्रातला एखादा शब्द मनात राहतो, तेवढा घेऊन झोप.

मागण्यांसाठी वही कर. डावीकडे तारीख आणि मागणं, उजवीकडची बाजू मोकळी ठेव. सात नंबरचं मागणं खोडू नकोस. समोर लिही, तो गेला, आणि मला राग आलाय.

पुन्हा उपदेश झाला. रागावू नकोस गं. लहानपणी शेळीचं पिल्लू हवं म्हणून रोज रात्री हटून मागायचीस, त्याचा रंगसुद्धा देवाला सांगायचीस. आजी म्हणायची, ही पोर देवाचा पिच्छा सोडायची नाही. तुझ्या हाताला शीर पहिल्यांदाच सापडते हे पप्पा अजून भक्तीनंतर सगळ्यांना सांगत असतात. मी मात्र त्या हाताची मालकीण जेवली का, हेच विचारत बसते.

वॉर्डात वेळ नसतो हे कळतं. सतराव्या शतकात ब्रदर लॉरेन्स नावाचा मठवासी पॅरिसच्या मठातल्या स्वयंपाकघरात काम करता करताच देवाशी बोलत असे. सलाईन बदलताना ‘प्रभू, हिचा ताप बघ’ एवढं म्हटलंस तरी चालेल. फक्त ती १० मिनिटं त्यात खपवू नकोस, घाईत नुसती कामाचीच बोलणी उरतात.

पण गप्प राहू नकोस, त्याच्याशीही नाही आणि आमच्याशीही नाही. रूममेटला सात नंबरचं सांगितलंस का? नसशील तर आज सांग. सुट्टी कधी मिळते ते कळव, पप्पा तिकीट काढतील.

तुझी,
आई