पहिल्या मजल्यावरच्या आजींना, युकात्यासाठी

आजी,

हे पत्र मी मराठीत लिहितेय, कारण तुमच्यासमोर बसले की माझी जपानी "अरिगातो गोझाइमास" च्या पुढे सरकतच नाही आणि मला जे सांगायचंय ते तेवढ्यात मावणारं नाही. लेक वाचून दाखवेल तुम्हाला, तिची जपानी आता माझ्यापेक्षा कितीतरी चांगली झालीये. आणि सगळ्यांना दिसेल असं लिहितेय ते मुद्दाम. इथे टोकियोतल्या निशिकासाइत आपल्या बऱ्याच जणी आहेत, त्यांच्यातल्या कुणाला कधी युकाता, म्हणजे उन्हाळ्यातला सुती किमोनो, शिवावासा वाटला तर त्यांना कळू दे की पहिल्यांदा शिवणारीच्या हातून तो होतो, फक्त समोर तुमच्यासारखं कुणीतरी बसलेलं हवं.

गेल्या वर्षीच्या बोन ओदोरीला, म्हणजे उन्हाळ्यातल्या पितरांच्या सणाच्या नाचाला, मी भाड्याचा युकाता नेसले होते (घातले म्हणवत नाही, साडीसारखा नेसायचाच प्रकार आहे तो). माझी उंची १७० सेंटिमीटर, त्यामुळे दोन्ही मनगटं चांगली उघडी पडली आणि कमरेवरची ती ओहाशोरीची घडी काही केल्या येईना. बायकांच्या युकात्याची लांबी नेसणारीच्या उंचीइतकी धरतात आणि जास्तीचं कापड कमरेपाशी दुमडून घेतात हे मला तेव्हा कुठे माहीत होतं! तुम्ही लिफ्टपाशी भेटलात, माझी बाही दोन बोटांत धरून बघितलीत आणि म्हणालात, स्वतःच शिव की, सगळ्या सरळच तर शिवणी आहेत. मला वाटलं बोलण्यापुरतं बोलल्या असाल. पण जानेवारीत तुम्ही परत विचारलंत, कापड आणलंस का?

खरं सांगते, तोवर मला साडीला फॉल लावणं आणि बटण लावणं एवढंच येत होतं. निप्पोरीच्या कापडबाजारात जाऊन मी तो निळा ताका आणला, गर्द निळ्यावर पांढरे चतुर, आणि घरी उलगडल्यावर धस्स झालं, कारण पन्हा जेमतेम ३८ सेंटिमीटर! आपल्याकडे ब्लाउजपीसचा पन्हासुद्धा ह्याच्या दुपटीहून मोठा असतो. तुम्हाला घाबरत घाबरत दाखवायला आणला तर तुम्ही काठावरून हात फिरवून म्हणालात, हाच पन्हा, ह्याच्यावरच सगळं बेतलेलं असतं. मग मला दोन्ही बाजू दाखवल्यात. चूसेनचं कापड, म्हणजे रंग वरून ओतून आरपार उतरवलेला, त्यामुळे चतुर दोन्हीकडून सारखेच. उलट कुठलं सुलट कुठलं कळेना, तर तुम्हीच म्हणालात की आता तू ठरव आणि ठरवलं की शेवटपर्यंत बदलू नकोस.

पहिल्या दिवशी तुम्ही कात्री काढलीच नाहीत. अख्खा ताका घड्या घालून पाण्यात बुडवून ठेवला, सावलीत वाळवला, किंचित ओलसर असताना इस्त्री. आधीच आटू दे, शिवल्यावर आटला तर रडशील, असं म्हणालात. मग ती बांबूची पट्टी, कुजिराजाकु. कुजिरा म्हणजे देवमासा, पूर्वी ह्या पट्ट्या देवमाशाच्या तोंडातल्या पात्यांच्या करायचे म्हणून ते नाव पडलं असं म्हणतात. त्यातला एक शाकु म्हणजे जवळपास ३७.९ सेंटिमीटर, शाकुचे दहा सुन, सुनचे दहा बु. मी आधी सगळं माझ्या टेपवर सेंटिमीटरमध्ये करत बसले तर ओकुमी (पुढच्या उघड्या कडेला जोडायची अरुंद पट्टी) १५.२, गळपट्टी ५.७ असले आकडे यायला लागले आणि दर वेळी कुठेतरी चुकायचं, तुमच्या पट्टीवर तेच चार सुन आणि दीड सुन! कापडाचा पन्हा एक शाकु. त्या पट्टीवर सगळं कसं एकमेकांत बसतं ते कळल्यावर मी टेप ड्रॉवरमध्ये टाकला तो टाकलाच.

बेतायचा दिवस मला फार आठवतो. तुम्ही कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर सगळं मांडलंत. दोन बाह्या, अंगाचे दोन लांब पल्ले (पुढचा आणि मागचा भाग एकच सलग, खांद्यावर शिवणच नाही), उरलेल्या तुकड्याची उभी चीर काढून एका बाजूला दोन ओकुमी आणि दुसऱ्या बाजूला गळपट्टी आणि तिच्यावर बसणारी छोटी पट्टी. एवढंच. मुंढ्याचा गोल नाही, टक्स नाहीत, तिरका काप नाही, कापून वाया जाईल असा एक त्रिकोणसुद्धा नाही. वाळल्यावर ताका भरला १२ मीटर २० सेंटिमीटर आणि माझ्या उंचीमुळे लागणार होता १२ मीटर ६ सेंटिमीटर. म्हणजे वीतभरसुद्धा शिल्लक नाही. मी लगेच म्हटलं लांबी थोडी कमी करूया, तर तुम्ही मान हलवलीत आणि कापड जमिनीवर पुढे-मागे दुमडत राहिलात, कुठला चतुर कुठे येतोय ते बघत. छातीवर दोन्हीकडे एकाच उंचीला दोन चतुर बसले तर डोळ्यांसारखे दिसतात म्हणून एक वर एक खाली. दीड तास ते चाललं होतं आणि मी तोवर तुमचा सगळा चहा संपवला.

मग दोन आठवडे नुसता धावदोरा. साराशीच्या, म्हणजे साध्या पांढऱ्या सुती कापडाच्या पट्टीवर, रोज अर्धा तास. आपण जसा धावदोरा घालतो तसा नाहीच हा. मधल्या बोटात ती अंगठीसारखी युबिनुकी, सुईचं मागचं टोक तिच्यावर टेकलेलं, आणि सुई जिथल्या तिथे, हलतं ते कापड. दोन्ही हातांनी कापड वर-खाली करत सुईवर चढवायचं. "सुई चालवू नकोस, कापड चालव", हे तुम्ही मला किती वेळा सांगितलंत त्याची गणती नाही. माझं बोट दुखायचं, टाके वेडेवाकडे यायचे, आणि तुमच्या हातात तीच पट्टी दिली की टाके मुंग्यांच्या रांगेसारखे एकामागे एक निघायचे. नवव्या की दहाव्या दिवशी अचानक कापड स्वतःहून सुईवर चढायला लागलं. तुम्ही फक्त "होरा" म्हणालात, बघ म्हणून, आणि पुन्हा तुमच्या मटारच्या शेंगा सोलायला लागलात.

आता जे सांगायचंय त्यासाठी खरं म्हणजे पत्र लिहायला घेतलंय.

गोल्डन वीकच्या सुट्टीत, म्हणजे एप्रिल संपता संपता, तुम्ही मुलाकडे गेला होतात आणि मी उत्साहात दोन्ही बाह्या लावून टाकल्या. कुडत्याला लावतात तशा लावल्या, बाही अंगाला पूर्ण जोडली आणि खाली काखेपासून कडेची शिवणही सलग घातली. बायकांच्या युकात्यात बाही खांद्यापासून साधारण सहा सुनच जोडतात, त्याखाली तिची अंगाकडची कड मोकळी असते आणि अंगाच्या कडेलाही काखेखाली साधारण चार सुन उघडं ठेवतात, मियात्सुकुची. तिथून हात आत घालून ओहाशोरी नीट करायची असते, उन्हाळ्यात वारंही लागतं. तुम्ही हे सांगितलं होतंत मला. पण हाताला सवय होती कुडत्याची, आणि मी सगळं बंद करून टाकलं, वर कौतुकाने इस्त्रीही मारली. तुम्ही आलात, कापड हातात घेतलंत, काखेपाशी बोट घातलंत तर बोट आत जाईना. मला तेव्हाच कळलं आणि माझ्या डोळ्यात पाणीच आलं, कारण सहा दिवस मी तेच करत होते.

तुम्ही म्हणालात, "मता नुएबा ई." परत शिवलं की झालं. एवढंच. आणि छोटी कात्री माझ्या हातात दिलीत.

मला वाटलं होतं तुम्ही म्हणाल, दे इकडे, मी करते. माझ्या घरी सगळ्यांनी आयुष्यभर तसंच केलंय, प्रेमानेच केलंय, पण हातातलं काम काढून घेतलंय. चपाती जाड झाली, दे इकडे. रांगोळी वाकडी आली, सर बाजूला. तुम्ही समोर बसलात आणि मी उसवत गेले. उसवलेला दोऱ्याचा एकेक तुकडा तुम्ही चटईवरून उचलत होतात, दोन बोटांत सरळ करत होतात आणि पुठ्ठ्याच्या तुकड्यावर गुंडाळत होतात, पुढे कच्चे टाके घालायला होईल म्हणून. संध्याकाळपर्यंत दोन्ही बाह्या सुट्या झाल्या. कापडावर भोकांची बारीक रांग राहिली होती, तिच्यावर पाण्याचा हात फिरवून नखाने घासायला शिकवलंत, रांग जवळजवळ दिसेनाशी झाली. पाच महिन्यांत तुम्ही एकदाही माझ्या हातातली सुई घेतली नाहीत, आजी. दाखवायचं झालं तर वेगळ्या चिंधीवर दाखवायचात.

गळ्याचा काप सुद्धा माझ्याच हातांनी करायला लावलात. अंगाचे पल्ले खांद्यावर दुमडून तिथे प्रत्येकी साधारण ९ सेंटिमीटरची आडवी चीर द्यायची, अख्ख्या युकात्यात हा एकच काप असा की चुकला तर परत नाही. मी तुम्हाला म्हटलं तुम्ही करा. तुम्ही हात मागे बांधून उभ्या राहिलात.

बाकीचं भराभर सांगते नाहीतर हे पत्र संपायचं नाही. हेराने, म्हणजे एका बोथट पात्याने, कापडावर दाबून खुणा करायच्या, खडू नाही पेन्सिल नाही. शिवण घातली की बोटांनी दोरा पुढे पुढे सरकवत कापड सपाट करायचं म्हणजे चुणी राहात नाही. आणि किसे! शिवणीवरच न दुमडता दोनेक मिलिमीटर पुढे दुमडून इस्त्री करायची, म्हणजे टाके त्या घडीखाली झाकून जातात आणि बाहेरून नुसती स्वच्छ रेघ दिसते. बाहीच्या खालच्या कोपऱ्याची गोलाईसुद्धा कापायची नाही, आतलं कापड दोऱ्याने गोळा करून आत दडपायचं. केनसाकीला, म्हणजे ओकुमीचं टोक गळपट्टीला मिळतं तिथे, मला तीन संध्याकाळी लागल्या. अजूनही डावीकडचं टोक एक बु खाली आहे, तुम्हाला माहितीये, तुम्ही काही बोलला नाहीत.

एकदा मी विचारलं होतं की मशीनवर का नाही शिवायचं. तुम्ही म्हणालात मशीनवर शिवलेलं काही वाईट नाही, बरेच जण शिवतात, पण हाताची शिवण उसवायला सोपी. तेव्हा तुम्ही आराइहारीबद्दल सांगितलंत, किमोनो धुवायचा तर सगळ्या शिवणी उसवून, पल्ले परत एकाला एक जोडून ताक्यासारखे सलग करून, धुऊन, फळीवर ताणून वाळवून पुन्हा शिवायचा. काहीच कापून टाकलेलं नसतं म्हणून ते जमतं. आणि युकाता विरला की त्याचे लंगोट, लंगोट विरले की फरशी पुसायला झोकिन. तुमच्या सिंकखालचा तो निळसर झोकिन दाखवलात, तुमच्या सासूबाईंच्या युकात्याचा. मला माझ्या आजीची गोधडी आठवली. तिच्या नऊवाऱ्या मऊ झाल्या की आधी दुपटी व्हायची, मग गोधडीत जायच्या, आणि कुठला तुकडा कुठल्या लुगड्याचा ते तिला शेवटपर्यंत सांगता यायचं. मी तुम्हाला हे त्या दिवशी सांगायला गेले पण मला गोधडीला जपानी शब्द सापडेना, मग मोबाईलवर फोटो दाखवला. तुम्ही फोटो मोठा करून करून टाके बघत होतात. "उन्शिन", तुम्ही म्हणालात. हो आजी, धावदोराच आहे तो.

परवाच्या शनिवारी बोन ओदोरीला मी तो नेसले. डावी बाजू वर, आरशात बघून गोंधळ झाला तर तुम्ही हाताला धरून दुरुस्त केलंत, उजवी वर फक्त गेलेल्या माणसाला नेसवतात म्हणून. मियात्सुकुचीतून हात घालून ओहाशोरी सारखी करताना माझी मलाच बाही लावतानाची ती सहा दिवसांची चूक आठवत होती. मनगटं झाकली होती. मंडपाभोवती गोल फिरताना कुणीतरी विचारलं कुठून घेतला, तर मी तुमच्याकडे बोट दाखवलं आणि तुम्ही माझ्याकडे.

खूप खूप आभार, आजी. कापडासाठी नाही, ते माझंच होतं. त्या उसवलेल्या दोऱ्यासाठी.

आणि एक विचारायचं राहिलंय. लेकीलाही हवाय. तुम्हीच सांगितलं होतंत की मुलांचा युकाता वाढत्या अंगाचा शिवतात, खांद्यावर आणि कमरेला मोठी दुमड घेऊन, आणि मूल वाढेल तशी ती उसवून सोडत जातात. निप्पोरीहून ताका आणून ठेवलाय, पिवळा, गोल्डफिशचा, तिनेच निवडलाय. पाण्यात अजून घातलेला नाही. ऊन उतरलं की सप्टेंबरमध्ये एखाद्या दुपारी तुमच्या सवडीने येऊ का दोघी? सुई ह्या वेळी तिच्या हातात द्यायचा विचार आहे.

तुमची,
तिसऱ्या मजल्यावरची